मंगळवारचे दोन निरोप

वरच्या ठाण्याचं दार सताड उघडं होतं आणि आत माणूस नव्हता.

बदलीवर गेलेल्या निरीक्षकानं बुधवारी सकाळी हे पाहिलं. खाटेवर अंथरूण घडी घालून ठेवलेलं. चूल गार. खुंटीवर जाड कोट. कोपऱ्यात गमबुटांच्या जागी नुसते चिखलाचे ठसे आणि कंदिलाचा खिळा रिकामा. ज्याच्या जागी तो आला होता त्याला सगळे तळेवाला म्हणत. डोंगरावरच्या त्या अवाढव्य तळ्याचं पाणी किती चढलं, किती उतरलं, मातीचा बांध कुठे पाझरतोय का, एवढंच बघत तो माणूस महिनोन्‌महिने तिथे एकटा राहायचा. आता तळं जागच्या जागी होतं. तळेवाल्याचा पत्ता नव्हता.

गुरुवारी दुपारी मुख्य कचेरीतून चौकशीला बाई आल्या. बरोबर एक हवालदार.

या बाईंना पाठीमागे सगळे पुन्हाबाई म्हणत. त्यांची खोडच तशी. कोणी काही सांगितलं की शांतपणे ऐकायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा सांगा." मग आणखी एकदा, "पुन्हा." तिसऱ्या खेपेला समोरचा रडकुंडीला यायचा. हवालदारानं एकदा धीर करून विचारलंच होतं, की बाई, एकदा सांगून तुम्हाला कळत नाही का?

"कळतं रे बाबा," बाई म्हणाल्या होत्या. "पण खरं बोलणारा दर वेळी वेगळ्या शब्दांत सांगतो. अडखळतो, मधेच त्याला काहीतरी आठवतं. गोष्ट मात्र तीच राहते. कच्चा खोटारडा असला तर गोष्टच बदलते. आणि पक्का असला तर काहीच बदलत नाही."

डोंगराच्या पायथ्याच्या कचेरीची बिनतारी खोली म्हणजे एक बैठं, ओल धरलेलं खुराडं होतं. खिडकीबाहेर धुकं असं दाटलेलं, की समोरचा डोंगर आहे की गेला ते समजू नये. सोमवारपासून वीज कडाडत होती, ती थांबायचं नाव घेत नव्हती. टेबलावर यंत्र, शेजारी छापयंत्र, त्याला जोडलेली चाचणीची छोटी कळपाटी, जे दाबाल ते ओळीनं तसंच छापणारी. यंत्रातून अखंड खरखर. डोक्याला हेडफोन लावून बसलेल्या माणसाला कानवाला म्हणत, आणि तो कान कधी मोकळे सोडत नसे.

भिंतीलगतच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. गळ्यात शिवणाची टेप तशीच. मशीनवरून उठल्या त्या थेट इथेच आल्या असाव्यात.

"तुम्ही तळेवाल्याच्या कोण?" पुन्हाबाईंनी विचारलं.

"थोरली बहीण. आई गेली तेव्हा एवढासा होता तो. मीच वाढवलाय." त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेठक्क होते. "साहेब म्हणतात, तळ्यात बुडाला. अंधार पडला की शोध थांबवणार म्हणे. बाई, माझा भाऊ पाण्याला घाबरून असतो. जो घाबरून असतो, तो बुडत नाही. बुडतात ते दीडशहाणे."

"शोध कुठे चाललाय?"

"उत्तर काठाला," दारातून आवाज आला. या कचेरीचे साहेब आत आले. गुळगुळीत दाढी, कडक इस्त्री, मऊ आवाज. "त्यानंच शेवटच्या निरोपात तसं कळवलंय. माझी माणसं कालपासून पाण्यात गळ टाकून बसलीत. आता किती दिवस त्यांचे जीव धोक्यात घालायचे, तुम्हीच सांगा."

भिंतीवर एक मोठं कार्ड लावलेलं होतं. त्यावर आकडे आणि पुढे त्यांचा अर्थ. साहेबांनी बोट ठेवलं. "हा तेवीस. 'उत्तर काठाची मोजपट्टी पाहायला जातो.' मंगळवारी संध्याकाळी, उजेड असतानाच आलेल्या निरोपात हाच होता."

कार्डाच्या तळाला दोन आकडे तांबड्या शाईत होते. एक्केचाळीस, माणूस सापडला, जिवंत. सत्तेचाळीस, माणूस सापडला, मृत. बहिणीची नजर त्या दोन आकड्यांवरून हलत नव्हती.

"कालपासून मी तेच वाचतेय," ती म्हणाली.

बाईंनी साहेबांना खुर्ची दिली. "मंगळवारचं सांगा."

"भल्या सकाळी मी पाहणीला वर गेलो. ठाण्यात चहा घेतला. तळेवाला अगदी ठणठणीत होता. दुपारच्या आत मी खाली आलो. त्यानंतर त्याचे दोन निरोप आले, दुपारी आणि संध्याकाळी. म्हणजे मी निघालो तेव्हा तो," साहेबांनी घसा खाकरला, "सुखरूप होता."

"पुन्हा सांगा."

"भल्या सकाळी मी पाहणीला वर गेलो. ठाण्यात चहा घेतला. तळेवाला अगदी ठणठणीत होता. दुपारच्या आत मी खाली आलो. त्यानंतर त्याचे दोन निरोप आले, दुपारी आणि संध्याकाळी. म्हणजे मी निघालो तेव्हा तो," घसा खाकरून, "सुखरूप होता."

"बरं. काम असेल तर जा तुम्ही. मी बोलावते."

साहेब गेले. बाई कानवाल्याजवळ स्टूल ओढून बसल्या.

"मला एक सांगा. एवढ्या खरखरीत निरोप पोचतो तरी कसा?"

कानवाल्याचा चेहरा जरा खुलला. स्वतःच्या कामाबद्दल विचारलं की भलेभले खुलतात. "आवाज पोचतच नाही, बाई. डोंगर आडवा येतो. नुसते आकडे पोचतात. कार्डावर प्रत्येक गोष्टीला आकडा आहे. कार्डात नसेल ते एकेक अक्षर करून पाठवायचं."

"आणि वीज कडाडली, मधले आकडे खाल्ले, तर?"

"खातेच की! रोज खाते. म्हणून तर चौकट." त्यानं कागद ओढला. "ही एक ओळ, सहा आकड्यांची. पाच कामाचे, सहावा राखणदार. राखणदार असा निवडायचा, की सबंध ओळीची बेरीज केली की शेवटी शून्य आलं पाहिजे. दहा, वीस, तीस, काहीही चालेल. एखादा आकडा गेला तर बेरीज करून बघायचं, शून्याला किती कमी पडतात. तोच गेलेला आकडा."

"आणि एका ओळीतले दोन गेले?"

"मग बोंबला! भोकं दोन आणि बेरीज एक. तळाला राखणदारांची एक सबंध ओळ असते, उभ्या रांगांच्या बेरजेची. कधी तिच्यावर निभावतं. नाहीच निभावलं तर हे तांबडं बटण. 'पुन्हा पाठव.' वरचं यंत्र सगळी चौकट परत पाठवतं."

हवालदार मधेच हसला. "बाई, हे यंत्र तुमच्याच जातकुळीचं दिसतंय."

बाई हसल्या नाहीत. "पण वीज एकेक आकडा सुटा सुटा थोडाच खाणार? ती सलग चार-पाच गिळत असेल."

"अगदी बरोबर! आणि त्यातच खरी खुबी आहे," कानवाला म्हणाला. "वरचं यंत्र चौकट ओळीनं पाठवतच नाही. उभी रांग पाठवतं. पहिली रांग वरून खाली, मग दुसरी, मग तिसरी. इथलं यंत्र परत चौकट लावून छापतं. म्हणजे विजेनं सलग पाच खाल्ले तरी प्रत्येक ओळीतला एकेकच जातो, आणि एक गेला की तो भरून काढता येतो. जिथे आकडा पोचत नाही तिथे फुली छापली जाते. मी बेरजा करून फुल्या भरतो आणि स्वच्छ नक्कल साहेबांच्या टेबलावर ठेवतो."

"साहेब हे फुल्यांचे कागद बघतात?"

"छे! एकदा दाखवायला गेलो तर म्हणाले, मला घाण दाखवू नकोस, नक्कल दाखव."

खुंटीला टोचलेले आठवड्याचे कागद बाईंनी काढून घेतले. सोमवारचे, मंगळवार सकाळचा, दुपारचा, संध्याकाळचा. एकेक करत उजेडाकडे धरले. प्रत्येक कागदावर फुल्या होत्या. कुठे एकीखाली एक, मुंग्या भिंतीवरून उतरतात तशा. कुठे एकाच ओळीत शेजारी शेजारी. बाईंनी कागद मांडीवर ठेवले. बाहेर वीज कडाडली, यंत्रानं खर्रकन आवाज केला आणि बहिणीनं अंग चोरलं.

"मंगळवारी दुपारी तुम्ही या खुर्चीत होता?" बाईंनी एकदम विचारलं.

"हो." कानवाल्याचा चेहरा मिटला.

"पुन्हा सांगा."

"होतो. म्हणजे... डबा खात होतो. इथेच."

"पुन्हा."

"जरा पाय मोकळे करायला... दारापर्यंत गेलो असेन. पण खोलीतच."

"खुर्ची सोडली तर काय होतं?"

"नोकरी जाते," तो पुटपुटला. त्याच्या कपाळावर घाम आला होता, त्या गारठ्यात.

हवालदारानं बाईंना दाराशी बोलावलं. "बाई, हाच. खुर्ची याची, यंत्र याचं, आणि सरळ खोटं बोलतोय. डोंगरावर पाळी कुणाची यावरून तळेवाल्याशी त्याची बाचाबाचीही झालीय म्हणे. बेड्या काढू?"

"खोटं बोलतोय हे खरं," बाई म्हणाल्या. "साहेबांना बोलवा. आणि तुम्ही दारात उभे राहा."

साहेब आले तेव्हा खिडकीतला उजेड उतरायला लागला होता. "बाई, मी शोधपथकाला परत बोलवायचा हुकूम लिहिलाय. सही तेवढी तुमची हवी."

"करते. आधी एक शंका फेडा. खुंटीवर कोट होता. गमबूट आणि कंदील नव्हते. उत्तर काठावर पावसात जाणारा माणूस कोट ठेवून जातो?"

"घाईत विसरला असेल."

"आणि कंदील?" बहीण बाकावरून उठली. "तुम्ही म्हणता, उजेड असतानाच मोजपट्टी बघायला गेला. कोट विसरला आणि भर उजेडात कंदील बरोबर घेतला? माझा भाऊ काय वेडा आहे?"

"वेडा नाहीच," बाई म्हणाल्या. "तो अशा ठिकाणी गेला जिथे पायाखाली पाणी आहे, दिवसा अंधार आहे आणि डोक्यावर छप्पर आहे. पावसाचा तिथे प्रश्नच नाही. अशी जागा आहे वर?"

उत्तर दिलं ते कानवाल्यानं, खाली मान घालून. "बांधाच्या पोटात तपासणीचा बोगदा आहे. ठाण्याला लागूनच त्याचं तोंड. दक्षिणेला."

"तो बंद आहे," साहेब म्हणाले. "डागडुजी मी स्वतः करून घेतली. तेव्हापासून लोखंडी दाराला कुलूप आहे."

"किल्ली?"

"माझ्याकडे."

"तेच म्हणतेय मी."

बाईंनी टेबलावर पाच कागद मांडले. "आता सगळ्यांनी बघा. हे सोमवारचे दोन, हा मंगळवार सकाळचा. फुल्या कशा आहेत? उभ्या. एकीखाली एक. आणि हे दोन, मंगळवार दुपारचा नि संध्याकाळचा. इथे?"

बहीण वाकली. "आडव्या. एकाच ओळीत चार."

कानवाल्यानं हेडफोन काढले. कागदावर नजर गेली मात्र, त्याचं तोंड उघडंच राहिलं. "हे... हे होऊच शकत नाही."

"का नाही?"

"निरोप उभा येतो ना, बाई! वीज खाईल तर उभी रांग खाईल. ओळीतले लागोपाठ चार खायचे तर तिला चार वेळा बरोबर त्याच उंचीवर पडायला हवं, आणि मधलं सगळं सोडून द्यायला हवं. तेही दोन्ही निरोपांत!"

"विजेला एवढी अक्कल नसते. ती माणसाला असते, आणि तीही अर्धवट." बाई साहेबांकडे वळल्या. "हे दोन निरोप डोंगरावरून आलेच नाहीत. ते या टेबलावर, या चाचणीच्या कळपाटीवर, कोणीतरी बोटांनी ठोकले. हुशार माणूस. त्याला माहीत होतं, वादळात स्वच्छ निरोप आला तर संशय येईल. म्हणून त्यानं मुद्दाम फुल्या घातल्या. बेरजाही चोख जमवल्या, तळाच्या ओळीसकट. पण फुल्या पडतात कशा हे त्यानं जन्मात कधी पाहिलं नव्हतं. आपण लिहिलेल्या ओळीवर शाई सांडली तर जसा डाग पडेल, तसा त्यानं डाग पाडला."

"मग हा!" साहेबांनी कानवाल्याकडे बोट केलं. "दिवसभर इथे हाच असतो."

"म्हणूनच हा नव्हे. हा रोज फुल्या भरतो. यानं झोपेत खोटा निरोप केला असता तरी फुल्या उभ्याच पडल्या असत्या. ज्याला चौकट तोंडपाठ आहे, बेरजा येतात, पण फुल्यांचा कागद ज्यानं कधी हातात धरला नाही, असा इथे एकच माणूस आहे. त्याला घाण बघायला आवडत नाही." बाई कानवाल्याला म्हणाल्या, "आता खरं सांगा. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. दुपारी कुठे होता?"

कानवाल्याला रडूच कोसळलं. "छपरावर. साहेब म्हणाले, वाऱ्यानं तार सैल झालीय, आवळून ये, मी बसतो. संध्याकाळी म्हणाले, घरी जाऊन गरम जेवून ये. परत आलो तर निरोप येऊन गेलेला, नक्कलसुद्धा साहेबांनीच करून ठेवलेली. मी कागद न बघताच खुंटीला टोचला. खुर्ची सोडली हे कुणाला कळू नये, एवढंच डोक्यात होतं."

"आणि पाझराचे आकडे?"

"ते वाढत होते, बाई. गेले काही आठवडे रोज वाढत होते. मी तसेच नकलेत लिहीत होतो. पुढे मुख्य कचेरीला साहेबच कळवतात."

"मुख्य कचेरीत पाझर शून्य म्हणून येतोय. इकडे निघण्याआधी मी तेच कागद चाळले. डागडुजी पक्की झाल्याचा दाखला साहेबांच्या सहीचा आहे. तळेवाल्यानं मंगळवारी सकाळी त्यांना आत नेऊन ओली भिंत दाखवली असणार. आणि म्हणाला असणार, की आता मी तुमच्या डोक्यावरून कळवणार. बरोबर?"

साहेबांची इस्त्री तशीच होती, पण आतला माणूस खचला होता. ते खुर्चीत बसले. "मी त्याला हात लावला नाही," ते म्हणाले. "मी आधी बाहेर आलो. तो आतच होता, भिंतीवर खुणा करत. मी फक्त दार लावलं."

फक्त दार लावलं! हवालदाराच्या तोंडून शिवी निघाली.

बहीण ओरडली नाही. ती साहेबांच्या समोर जाऊन उभी राहिली. "मंगळवारी सकाळी तो जिवंत होता?"

"हो."

"मग ते दार उघडायचं कसं ते सांगा. का केलंत ते मला नको. उघडायचं कसं?"

किल्ली साहेबांच्या खिशात आणि डोंगर दोन तासांच्या चढणीचा. वर बदलीवाला आणि शोधपथक होतं, पहारी होत्या. कानवाल्यानं पाठवायच्या कळांवर बोटं ठेवली. "काय कळवू, बाई? 'दक्षिण बोगदा, दार फोडा'?"

"नको!" साहेब ओरडले. "दार फोडू नका. आत पाझराचं पाणी साठलं असेल. दार बाहेर उघडतं आणि पुढे सरळ उतार आहे, दरीपर्यंत. तो दाराशीच असणार. एकदम उघडलं तर लोंढ्याबरोबर जाईल. आधी झडप सोडा, खालची. पाणी जाऊ द्या. मग दार."

"किती वेळ?"

"अर्धा तास. जास्तही."

हवालदार बाईंच्या कानाशी आला. "बाई, फसवतोय हा. अर्ध्या तासात तो बिचारा आत बुडेल आणि साक्षीदारच उरणार नाही. तेच हवंय याला."

धुक्यात डोंगर दिसत नव्हता. बहीण एकदा बाईंकडे बघत होती, एकदा साहेबांकडे. दार फोडावं तर लोंढा, थांबावं तर पाणी. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे तिचा भाऊ.

"पुन्हा सांगा," बाई म्हणाल्या.

"आधी झडप. दाराच्या खाली, उजवीकडे... नाही, थांबा, बाहेरून बघाल तर डावीकडे. तिच्यावर माती आली असेल. ती सोडल्याशिवाय दाराला हात लावू नका."

"पुन्हा."

"अहो, वेळ जातोय!" साहेबांचा मऊ आवाज पार फाटला होता. "डावीकडे, गुडघ्याएवढ्या उंचीवर एक चाक आहे. गंजलंय. पहार घालून फिरवावं लागेल. मी... मी त्या दिवशी परत वळलो होतो. दाराला कान लावला होता. तो आतून ठोकत होता. आणि मी निघून आलो. पाणी जाऊ द्या आधी, मग उघडा. मी खोटं सांगत नाही. या वेळी नाही."

बाईंनी एक क्षण डोळे मिटले. "पाठवा," त्या कानवाल्याला म्हणाल्या. "आधी झडप, डावीकडे. मग दार. हा माणूस खरं बोलतोय."

कानवाल्यानं एकेक अक्षर करत निरोप सोडला. वरून तांबडा दिवा लागला, पुन्हा पाठव. त्यानं पुन्हा पाठवला. परत तांबडा. तिसऱ्या खेपेला हिरवा लागला, पोचला.

मग थांबणं आलं. हवालदारानं साहेबांच्या हातात बेड्या घातल्या, तेवढाच काय तो आवाज. बहीण गळ्यातली टेप बोटांना गुंडाळत होती, सोडत होती. कानवाला हेडफोन परत कानांवर दाबून बसला होता. बाईंनी शोध थांबवायचा हुकूम फाडून टोपलीत टाकला, आणि बांधाखालच्या वस्तीला हलवायचा दुसरा लिहायला घेतला, पण त्यांचंही लक्ष त्यात नव्हतं.

वीज कडाडली. खिडकीची काच थरथरली आणि त्याच वेळी छापयंत्र सुरू झालं.

सगळे धावले. कागद हळूहळू वर सरकला. फुल्या होत्या. दुसरी रांग सबंध गेली होती, वरून थेट खालपर्यंत.

कानवाल्यानं पहिल्या ओळीवर बोट टेकवलं आणि त्याचं बोट थांबलं.

चार. फुली. शून्य. पाच. दोन. आठ.

"चारच्या पुढचा आकडाच गेला," तो म्हणाला. "एक्केचाळीस की..."

"मला भरू द्या," बहीण म्हणाली.

"ताई, मी करतो. सवय आहे मला."

"मला भरू द्या म्हणते ना!" तिनं कागद ओढून घेतला. शिवणाच्या सुयांनी टोचलेलं तिचं बोट आकड्यांवरून सरकू लागलं. "चार. नि शून्य, चारच. नि पाच, नऊ. नि दोन, अकरा." ती थांबली. श्वास घेतला. "नि आठ. एकोणीस."

"राखणदार धरून एकोणीस," कानवाला हळूच म्हणाला. "वीस व्हायला हवेत."

बहीण कागदाकडे बघत राहिली. तिला बेरीज येत नव्हती असं नाही. मापं काढण्यात तिचा जन्म गेला होता. तरी तिनं बोट पुन्हा पहिल्या आकड्यावर नेलं आणि बेरीज परत केली. साहेबांनी खाली घातलेली मान वर उचलली होती.

"एक," ती म्हणाली. "एक कमी आहे."

तिनं भिंतीवरच्या कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती तिथेच जमिनीवर बसली आणि दोन दिवस अडून राहिलेलं रडू एकदाचं फुटलं, मोठ्यानं, लहान पोरासारखं. हवालदारानं तोंड फिरवलं. कानवाला हसत होता आणि त्याचे गाल ओले होते.

"ताई," थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "वर काही कळवायचं का तुमच्याकडून? कार्डात नसलं तरी पाठवतो. अक्षर अक्षर करून."

बहीण उठली. पदरानं तोंड पुसलं, चपला शोधल्या.

"त्या यंत्रावर माझा भरवसा नाही," ती म्हणाली. "मी स्वतःच सांगते त्याला. वाट कुठून आहे?"

बाईंनी टेबलावरची बॅटरी उचलली आणि तिच्या आधी दाराबाहेर पडल्या.